सुका जवळा म्हणजे बारीक कोळंबी? हे उत्तर अर्धंच बरोबर आहे, उरलेलं अर्धं अरबी समुद्रात आहे

कोकणातून मुंबई-पुण्याकडे येणाऱ्या एसटीत एखादी तरी पिशवी अशी असते, की तिच्या वासावरून अख्ख्या गाडीला कळतं आत काय आहे. सुका जवळा. कांदा, कोकम आणि तिखट घालून परतला की भाकरीबरोबर ताट कधी रिकामं झालं ते कळत नाही.

जवळा म्हणजे काय असं विचारलं तर बहुतेक जण ‘बारीक कोळंबी’ म्हणून मोकळे होतात. काहींना वाटतं, कोळंबीची पिल्लं. पिल्लं तर तो नक्कीच नाही. जवळा पूर्ण वाढला तरी दोन-तीन सेंटिमीटरचाच राहतो. शास्त्रज्ञ त्याला ‘अ‍ॅसिटिस’ म्हणतात. कोळंबीच्या मोठ्या खानदानातलाच हा प्राणी, पण समुद्राच्या हिशेबात त्याची गणना होते ती प्राणिप्लवकांमध्ये. म्हणजे पाण्याबरोबर तरंगत, वाहत जाणाऱ्या जिवांमध्ये.

म्हणूनच तो डोलीत सापडतो. डोल म्हणजे शंकूसारखं लांबलचक पिशवीचं जाळं. कोळी ते खांबांना किंवा नांगरांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून लावतात आणि वाट बघतात. पाठलाग करायची गरजच नसते, कारण ज्याला ओढीविरुद्ध जाता येत नाही तो स्वतःहून आत येतो. जवळा येतो आणि जवळा खायला आलेला बोंबीलही येतो. बोंबलाच्या पोटात सर्वांत जास्त वेळा काय सापडत असेल तर जवळाच.

प्लवक हा शब्द शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरता भेटतो आणि मग आयुष्यभर भेटत नाही. पण तारली असो, बांगडा असो किंवा गुजरातच्या किनाऱ्यावर येणारा जगातला सर्वांत मोठा मासा व्हेल शार्क असो, सगळ्यांचं रेशन दुकान हेच. या दुकानात कोणता माल कुठे, किती आणि कधी मिळतो, हे ठरतं कसं? आणि सध्या तो माल बदलतोय का?

प्लवक म्हणजे लहानच असं नाही

१८८७ मध्ये व्हिक्टर हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटका, वाहत जाणारा. यात आकाराचा काही संबंध नाही, प्रश्न ताकदीचा आहे. प्रवाहाविरुद्ध जाण्याचं बळ ज्याच्यात नाही, तो प्लवक. सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे ते वनस्पतिप्लवक आणि दुसऱ्याला खाऊन जगणारे ते प्राणिप्लवक.

त्यामुळे हाताएवढा जेलीफिशही प्लवकच. पावसाळ्यात जुहू किंवा गिरगाव चौपाटीवर निळ्या फुग्यांसारखे जे डंख मारणारे प्राणी येतात आणि ज्यांचे फोटो दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’सुद्धा प्लवकच. वारा नेईल तिकडे जायचं, एवढंच त्यांना येतं. तुम्हाला चावायला ते मुद्दाम आलेले नसतात.

पण संख्येचा विचार केला तर राज्य कोपेपॉडचं. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, एक-दोन मिलिमीटरचा, खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला हा जीव. नावाचा अर्थ ‘वल्ह्यासारखे पाय असलेला’. समुद्रात नेहमीचं जाळं ओढलं तर हाती लागणाऱ्या दर दहा प्राण्यांपैकी सात-आठ कोपेपॉड असतात. पृथ्वीवर बहुपेशीय प्राण्यांत सर्वांत जास्त डोकी कुणाची, या प्रश्नाला एक जोरदार दावेदार हाही आहे.

उरलेल्या दोन-तिनांमध्ये मात्र जत्रा भरलेली असते. काचेच्या सुईसारखे दिसणारे आणि कोपेपॉडवर झडप घालणारे बाणकृमी. पायाचेच पंख झालेल्या, तरंगणाऱ्या समुद्री गोगलगायी. पारदर्शक पिंपासारखे साल्प, जे एकमेकांना जोडून लांबच लांब माळा करतात. ‘सॅफिरिना’ नावाच्या एका कोपेपॉडचा नर तर प्रकाशात निळ्या रत्नासारखा चमकतो आणि अंग थोडं वळलं की चक्क दिसेनासा होतो. त्याच्या कातडीखाली स्फटिकांचे पातळ थर असतात, त्यांची ही करामत. रंग लावलेला नाही, फिल्टरही नाही.

शिवाय काही जण फक्त बालपणापुरते प्लवक असतात. खेकडा, शेवंड, कालवं, खडकाला चिकटलेले बार्नेकल आणि बहुतेक मासे यांची अंडी किंवा पिल्लं काही दिवस ते काही आठवडे तरंगत काढतात. सुरमईसुद्धा कधीतरी प्लवक होती. जगभरात आयुष्यभर प्राणिप्लवक म्हणूनच राहणाऱ्या सुमारे सात हजार जातींची नोंद झाली आहे, आणि यात ही तात्पुरती मंडळी धरलेली नाहीत.

गरम समुद्रात जाती जास्त, डोकी कमी

आता या सात हजार जाती जगाच्या समुद्रांत सारख्या वाटलेल्या आहेत का? अजिबात नाही.

अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यात जाळं टाकलं तर एकट्या क्रिलचे ढीगच्या ढीग येऊ शकतात. उत्तर अटलांटिकमध्ये ‘कॅलॅनस’ या कोपेपॉडच्या एक-दोन जाती सगळं मैदान मारतात. तिथे पंगतीला येणारे पाहुणे मोजके, पण प्रत्येकाची गर्दी अफाट. उष्ण कटिबंधात उलटं. खोल पाण्यातून ओढलेल्या एका जाळ्यात कोपेपॉडच्याच कित्येक डझन जाती सापडतात, पण प्रत्येकीचे नमुने थोडे थोडे. ‘तारा’ या फ्रेंच जहाजाने जगभरातून गोळा केलेल्या नमुन्यांच्या अभ्यासातही हेच चित्र दिसलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार प्लवकांची विविधता उष्ण पट्ट्यात सर्वाधिक असते आणि ध्रुवांकडे जाताना घसरत जाते. या घसरणीशी सर्वांत जास्त जुळणारी गोष्ट म्हणजे पाण्याचं तापमान.

कारण समजायला फार अवघड नाही. उष्ण समुद्रात वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड. तेल-पाण्यासारखे दोन थर. नायट्रेट, फॉस्फेट अशी खतं खालच्या थरात पडून असतात आणि वर येत नाहीत. वर ऊन भरपूर पण खत नाही. त्यामुळे वनस्पतिप्लवक कमी आणि आकाराने फारच बारीक. त्यांना खाणारेही बारीक, त्यांना खाणारे जरा मोठे, अशी साखळी लांबत जाते. साखळीच्या प्रत्येक कडीला साधारण एक दशांश ऊर्जा पुढे जाते आणि बाकी खर्च होते. त्यामुळे टोकाला असलेल्या माशाच्या वाट्याला फारसं उरत नाही. अशा तुटवड्यात एकच कुणी सगळं बळकावू शकत नाही. कुणी रात्री खातो, कुणी दिवसा. कुणी ८० मीटरवर, कुणी १२० वर. छोट्या छोट्या जागा वाटून घेऊन खूप जण राहतात. मुंबईच्या चाळीसारखं म्हणा हवं तर.

म्हणून निळाशार, पारदर्शक समुद्राचा फोटो बघून ‘किती समृद्ध’ असं वाटलं तरी माशांच्या दृष्टीने तो बहुधा वाळवंटच असतो. कोळ्याला हिरवट, गढूळ पाणी जास्त आवडतं, ते उगाच नाही.

पण अरबी समुद्र या नियमात बसत नाही

अरबी समुद्र उष्ण कटिबंधात आहे, तरी तो गरीब नाही. जगातल्या सर्वांत सुपीक समुद्रांत त्याची गणना होते. याचं कारण मान्सून, आणि तोसुद्धा एकदा नाही, वर्षातून दोनदा.

जून ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं. आपल्याकडे केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावरही हे घडतं, गोव्यापर्यंत येता येता त्याचा जोर ओसरतो. मग तारली आणि बांगड्याची चंगळ.

दुसरी फेरी हिवाळ्यात. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येकडून जमिनीवरचे कोरडे, गार वारे उत्तर अरबी समुद्रावर येतात. वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली बुडतं. वरखाली घुसळण होते, खतं वर येतात. जे काम पावसाळ्यात वारा पाणी ढकलून करतो, तेच हिवाळ्यात थंडी करते.

बंगालच्या उपसागराला हे नशीब नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचं गोडं पाणी तिथे समुद्रावर झाकणासारखं पसरतं. हलकं गोडं पाणी वर, खारं खाली. वारा ते झाकण सहजासहजी उघडू शकत नाही. दोन्ही समुद्र एकाच अक्षांशावर, दोन्हीकडे मान्सून, तरी प्लवकांची गर्दी पश्चिमेला जास्त.

या दोन हंगामांवर आयुष्य बेतलेल्या एका कोपेपॉडची गोष्ट तर सांगायलाच हवी. सोमालियाच्या बाजूला आढळणारा ‘कॅलॅनॉइडिस’. मान्सून संपला, वरचं अन्न आटलं की हा अंगात तेल साठवून काहीशे मीटर खोल, थंड अंधारात जातो आणि वाढ थांबवून पडून राहतो. महिनोन्‌महिने काही खायचं नाही. जूनमध्ये खालचं पाणी वर येऊ लागलं की हाही वर येतो, प्रौढ होतो, अंडी घालतो. बेडूक पावसाची वाट बघत जमिनीत दडून राहतो तसंच हे, फक्त समुद्राच्या पोटात.

पान वाढलेलं नाही, तरी पंगत बसलेली

१९९० च्या दशकात गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे (एनआयओचे) शास्त्रज्ञ एम. मधुप्रताप आणि त्यांचे सहकारी एका कोड्याशी झगडत होते. दोन मान्सूनच्या मधल्या महिन्यांत, विशेषतः मार्च ते मे, समुद्र शांत आणि गरम असतो. वनस्पतिप्लवक खूपच कमी होतात. साहजिकच त्यांच्यावर जगणारे प्राणिप्लवकही कमी व्हायला हवेत. पण जाळी काहीतरी वेगळंच सांगत होती. वरच्या थरातल्या प्राणिप्लवकांचं वजन वर्षभर बऱ्यापैकी तेवढंच राहत होतं. चारा नाही, तरी गुरं धष्टपुष्ट. हे कोडं ‘अरबी समुद्राचा विरोधाभास’ या नावाने ओळखलं जातं.

उत्तर सापडलं ते जाळ्यातून निसटणाऱ्या जिवांमध्ये. मोठे वनस्पतिप्लवक गेले तरी पाण्यात त्यांनी सोडलेले सेंद्रिय पदार्थ विरघळलेले असतात. त्यावर जीवाणू वाढतात. जीवाणूंना एकपेशीय शिकारी खातात आणि त्या शिकाऱ्यांना कोपेपॉड खातात. म्हणजे हिरवं गवत संपलं तरी मागच्या दाराने दुसरं स्वयंपाकघर चालू असतं. मोठ्या भोकांच्या जाळ्यात ते कधी आलंच नव्हतं, म्हणून हिशेब चुकत होता.

दररोज रात्रीची वरात, आणि खाली श्वास कोंडणारा थर

आतापर्यंत गोष्ट नकाशावरची झाली, म्हणजे पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण. पण प्लवकांसाठी खरं अंतर वर-खालीचं असतं.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी सोनार वापरणाऱ्या अमेरिकी पथकांना विचित्र अनुभव यायचा. समुद्र हजारो मीटर खोल असताना काहीशे मीटरवरच ‘तळ’ दिसायचा. आणि हा तळ रात्री वर सरकायचा! १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञाने त्याचं दिवसरात्रीचं गणित मांडलं. तो तळ म्हणजे मासे, कोळंबीसारखे प्राणी आणि इतर जिवांचा प्रचंड थर होता. संध्याकाळी अंधार पडला की वर चरायला यायचं, पहाट होण्याआधी खाली अंधारात लपायचं. वर राहिलं तर उजेडात मासे टिपतील, म्हणून हा खटाटोप. पृथ्वीवरचं सर्वांत मोठं स्थलांतर हेच आहे आणि ते दररोज होतं. दोन मिलिमीटरचा कोपेपॉड एका रात्रीत ३०० मीटर वर येतो. माणसाच्या उंचीच्या हिशेबात हे अंतर सुमारे २४० किलोमीटर होतं. मुंबईहून साताऱ्याला जेवायला जायचं आणि सकाळच्या आत परत यायचं, तेही पोहत.

अरबी समुद्रात या प्रवासात आणखी एक अडचण आहे. इथे साधारण १५० मीटरच्या खालपासून १,००० मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. वर इतकं जीवन आहे की त्याचा मेलेला कचरा सतत खाली पडत राहतो, तो कुजवताना जीवाणू प्राणवायू संपवतात, आणि उत्तरेला जमीन असल्याने ताजं पाणी आत यायला वाट कमी. जगातल्या सर्वांत मोठ्या आणि तीव्र ‘प्राणवायू-न्यून’ थरांपैकी हा एक.

परिणाम असा की बहुतेक प्राणिप्लवक वरच्या पातळ थरातच दाटीवाटीने राहतात. पुढचं दार शिकाऱ्यांचं आणि तळघरात हवा नाही, अशी अवस्था. पण काहींनी तळघरालाच आसरा केलं. ‘प्ल्युरोमामा इंडिका’ हा कोपेपॉड दिवसा याच थरात उतरतो. चमकणारे ठिपके असलेले कंदील मासेही उतरतात. शरीराचा कारभार मंद करायचा, कमीत कमी प्राणवायूवर दिवस काढायचा आणि रात्री वर येऊन खायचं. मोठे शिकारी त्या थरात फार वेळ टिकू शकत नाहीत, त्यामुळे गुदमरवणारी जागाच सुरक्षित ठरते. अमेरिकेच्या कॅरेन विश्नर आणि सहकाऱ्यांना तर १९९० च्या दशकात या थराच्या खालच्या काठाशी, जिथे प्राणवायू पुन्हा किंचित वाढायला लागतो, तिथे प्राणिप्लवकांची दुसरी गर्दी आढळली. वरून पडणाऱ्या उष्ट्यावर जगणारी मंडळी.

या ये-जा करणाऱ्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे. ते वर खातात आणि खाली विष्ठा टाकतात. वरच्या पाण्याने हवेतून शोषलेला कार्बन अशा प्रकारे खोल समुद्रात पोचतो आणि बराच काळ तिथेच राहतो. पगार नाही, सुट्टी नाही, रोजची ने-आण चालू.

हे सगळं मोजलं कुणी?

१९५० च्या दशकापर्यंत हिंद महासागर हा मोठ्या महासागरांत सर्वांत कमी अभ्यासलेला होता. १९५९ ते १९६५ या काळात ‘आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम’ झाली. डझनभराहून जास्त देशांची सुमारे ४० जहाजं कामाला लागली. भारताकडून नौदलाचं ‘आयएनएस किस्तना’ही होतं. भारताच्या कार्यक्रमाची धुरा एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती.

चाळीस जहाजांनी चाळीस प्रकारची जाळी टाकली असती तर तुलना कशी करणार? म्हणून सगळ्यांसाठी एकच जाळं ठरवलं गेलं. तोंड एक चौरस मीटरचं, भोकं मिलिमीटरच्या एक तृतीयांश. २०० मीटर खोल सोडायचं आणि सरळ वर ओढायचं. आकाराने पाहिलं तर डोलीचीच धाकटी बहीण. सगळ्यांचे नमुने एकाच ठिकाणी तपासले जावेत म्हणून युनेस्कोच्या मदतीने कोचीला १९६२ मध्ये ‘हिंद महासागर जैविक केंद्र’ सुरू झालं. तिथे एकेका बाटलीतून कोपेपॉड वेगळे, बाणकृमी वेगळे, माशांची पिल्लं वेगळी, असं निवडायचं काम वर्षानुवर्षं चाललं. गहू निवडतात तसं, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. मोहिमेचाच पुढचा टप्पा म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी एनआयओची स्थापना झाली, पणिक्कर तिचे पहिले संचालक, आणि कोचीचं केंद्र तिचाच भाग बनलं.

त्या कामातून हिंद महासागरातल्या प्राणिप्लवकांचे पहिले मोठे नकाशे तयार झाले. सोमालिया, अरबस्तान आणि भारताचा नैऋत्य किनारा गडद, म्हणजे श्रीमंत. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा मधला भाग फिका. त्यात त्रुटीही होत्या. बारीक कोपेपॉड भोकांतून निसटले, जेलीसारखे प्राणी फाटून गेले, दिवसा ओढलेल्या जाळ्यात खाली लपलेले आलेच नाहीत. तरी साठ वर्षांपूर्वीचा समुद्र कसा होता, हे सांगणारा तेवढा मोठा दुसरा पुरावा आपल्याकडे नाही.

किनाऱ्यावरच्या निळ्या लाटा दिसतात सुंदर, पण…

२०२० च्या नोव्हेंबरअखेरीस जुहू आणि देवगडच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ व्हायरल झाले होते. अशी चमक देणाऱ्यांपैकी आपल्या समुद्रात वारंवार दिसणारा जीव म्हणजे ‘नॉक्टिल्युका’. एकच पेशी, पण नुसत्या डोळ्यांना टिपक्याएवढी दिसू शकेल इतकी मोठी. लाटेने धक्का दिला की ती चमकते. ती दुसऱ्या जिवांना गिळते, म्हणून तिला सूक्ष्म प्राणिप्लवकांत धरतात. पण उत्तर अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिल्युकाच्या पोटात हजारो हिरवे भाडेकरू राहतात आणि उन्हावर अन्न बनवून मालकिणीला देतात. म्हणजे शिकार मिळाली तर शिकार, नाहीतर घरची शेती.

कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित हेल्गा दो रोझारियो गोम्स, जोआकिम गोस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलं, की उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटम नावाच्या वनस्पतिप्लवकांचा बहर यायचा, २००० नंतर मात्र त्याची जागा हिरव्या नॉक्टिल्युकाने घेतली. डायटम कोपेपॉडला आवडतात आणि कोपेपॉड माशांना. नॉक्टिल्युका कोपेपॉडला खाण्याजोगी नाही, उलट डायटम तीच फस्त करते. तिला खाणारे मुख्यतः साल्प आणि जेलीफिश, आणि त्यांना खाऊन धष्टपुष्ट होणारे खाऊ मासे फार नाहीत. त्यांच्या मते यामागे वर सरकत चाललेलं कमी प्राणवायूचं पाणी आहे. २०२० मध्ये त्यांनी याची सांगड हिमालय-तिबेट पठारावरच्या घटत्या बर्फाशीही घातली. बर्फ कमी म्हणजे हिवाळी वारे कमी गार, म्हणजे समुद्राची घुसळण कमी.

हे सगळ्यांना मान्य आहे असं नाही. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ईशान्य अरबी समुद्रातल्या बहरांचं मोजमाप करून सांगितलं, की खुल्या समुद्रातले हे बहर कमी प्राणवायूच्या पाण्यात आलेले नव्हते. म्हणजे नॉक्टिल्युका आहे यावर एकमत, ती का आहे यावर वाद. बातमीत मात्र बहुतेक वेळा वाद गाळला जातो.

समुद्र तापतोय यावर फारसा वाद नाही. पुण्याच्या आयआयटीएममधले हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंद महासागराचं उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढलं. २०१६ च्या त्यांच्याच अभ्यासानुसार या भागातले वनस्पतिप्लवक मागच्या सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले. कारण पुन्हा तेच दोन थर. वरचं पाणी जितकं गरम, तितकी खतं खाली अडकून राहणार. सगळ्या उष्ण समुद्रांपासून अरबी समुद्राला वेगळं करणारी जी घुसळण, तिच्यावरच हा घाला आहे.

मग मासे किती कमी होतील, हा साहजिक प्रश्न. त्याचं उत्तर देताना मधली कडी गायब असते. उपग्रहाला समुद्राचा हिरवा रंग दिसतो, म्हणजे वनस्पतिप्लवक कळतात. इन्कॉइस कोळ्यांना मासळी कुठे मिळू शकेल याचा जो सल्ला देते, तो याच रंगावर आणि तापमानावर आधारलेला असतो. पण ते हिरवं कुणी खाल्लं, कोपेपॉडने की साल्पने, हे रंगावरून कळत नाही. २०१९ मध्ये उपग्रहावरून लेझरचा प्रकाश टाकून प्राण्यांची रात्रीची वरात जगभर टिपली गेली, पण तीही फक्त वरच्या वीसेक मीटरपुरती. जात तर त्यातूनही कळत नाही.

त्यासाठी जाळंच टाकावं लागतं. डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यातून दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेला सुरुवात झाली ती याचसाठी, पहिल्या मोहिमेने जिथे मोजलं तिथे पुन्हा मोजायला. जहाज आता आधुनिक आहे, जाळी वेगवेगळ्या खोलीवर आपोआप उघडतात-मिटतात, पाण्यातल्या डीएनएवरूनही जाती शोधता येतात. पण त्या डीएनएला नाव द्यायला आधी कुणीतरी तो प्राणी ओळखलेला असावा लागतो. आणि कोपेपॉडच्या अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या करायच्या तर बहुतेकदा आजही तीच पद्धत आहे. एक मिलिमीटरचा प्राणी काचेवर ठेवायचा, सुईने त्याच्या पायांची पाचवी जोडी सोडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे काटे मोजायचे.